पोत्याच्या तळाशी हात

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईला हिरव्या मिरचीचा बाजार भरतो. उन्हाळ्यात ठिबकवर, मल्चिंग पेपरच्या वाफ्यांवर लावलेली मिरची पावसाच्या तोंडावर तोडणीला येते आणि मग पुढचे काही महिने गावात पोती, टेम्पो, हमाल आणि बाहेरच्या राज्यांतले व्यापारी यांची वर्दळ असते. पिकाडोर, बळीराम, ज्वेलरी, तेजाफोर, शिमला ही नावं इथल्या पोराटोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. या बाजारात मला सगळ्यांत बघण्यासारखा वाटतो तो व्यापाऱ्याचा हात. पोत्याच्या तोंडाशी हिरवीगार, लांबसडक, चकाकणारी मिरची असते. तिच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही. बाही वर सारतो, कोपरापर्यंत हात खुपसतो आणि तळातली मूठभर मिरची बाहेर काढतो. एखादी मधोमध मोडतो, देठ बघतो, ओली लागते का ते चाचपतो आणि भाव सांगतो. मालवाल्याला त्याचा राग येत नाही. तोंडाशी निवडक माल आणि खाली कसाबसा, ही चलाखी बाजाराइतकीच जुनी आहे, हे दोघांनाही ठाऊक असतं.

माल पारखणाऱ्या या माणसांनाच मी कधी विचारतो, "लेकरं कोणत्या शाळेत?" उत्तर येतं आणि मागोमाग शाळेची तारीफ येते. "ड्रेस कसा कडक असतो बघा." "दारात गाडी येती." "टीव्हीवर शिकवतात." "गॅदरिंग काय जोरात झालं!" जिल्हा परिषदेची शाळा असेल तर भिंतीवरचे रंगवलेले नकाशे, डिजिटल वर्ग, नवोदयला लागलेला एखादा पोरगा. हे सगळं खरं असतं, आणि हे सगळं पोत्याच्या तोंडाशी असतं. तिसरीतल्या सगळ्या मुलांना चार ओळी वाचता येतात का, हे मी विचारलं की माणूस क्षणभर थांबतो. "आता ते मास्तरलाच माहीत."

हे फक्त इथलं नाही आणि आजचंही नाही. आमच्या लहानपणी शाळा तपासायला विस्तार अधिकारी यायचे. गावातली म्हातारी माणसं त्यांना 'दिपोटी साहेब' म्हणायची. साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी आम्ही शाळा शेणानं सारवायचो, भिंतीला खालून गेरूचा पट्टा मारायचो, फळ्याला कोळसा आणि पाल्याचा रस फासायचो. गुरुजी हुशार मुलांना पुढच्या रांगेत बसवायचे. कोणाला तेराचा पाढा विचारायचा, कोणाला कविता, हे ठरलेलं असायचं. मग शाळा सुटताना ते दोघा-तिघांजवळ जाऊन हळूच सांगायचे, "उद्या नाही आलास तरी चालेल रे." त्यांच्यातला एक माझ्या शेजारी राहायचा. साहेब आले त्या दिवशी तो ओढ्याकाठी म्हशींच्या मागे होता आणि भलताच खुशीत होता. सुट्टी मिळाली होती ना. साहेबांनी शेरेबुकात 'प्रगती समाधानकारक' असं लिहिलं. जेवढी मुलं त्यांच्यासमोर होती तेवढ्यांपुरता तो शेरा अगदी खरा होता.

गुरुजी वाईट नव्हते. रात्री कंदिलाच्या उजेडात चौथीच्या मुलांना स्कॉलरशिपची गणितं घालणारा तो माणूस होता. पण शाळा चांगली म्हणजे तिच्यातली चांगली मुलं चांगली, असा एक समज आमच्या सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला होता. साहेबांच्या, गावाच्या आणि आमच्याही. तो आजही तसाच आहे, फक्त गेरूच्या पट्ट्याच्या जागी एलईडी स्क्रीन आली आहे.

पोत्याच्या तळाशी हात घालण्याचं काम या देशात मोठ्या प्रमाणावर कुणी केलं असेल तर ते 'असर' या पाहणीनं. १९९५ साली मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेल्या 'प्रथम' संस्थेनं २००५ साली ती सुरू केली; संस्थेचे एक संस्थापक माधव चव्हाण आपल्याकडचेच. या पाहणीची खुबी अशी की पाहणी करणारी माणसं मुलांना गाठण्यासाठी शाळेत जातच नाहीत, घरी जातात. जिल्ह्यातली तीस गावं, गावातली वीस घरं. घरात जे मूल असेल ते, शाळेत जाणारं असो वा नसो, सरकारी शाळेतलं असो वा खासगी. त्याच्यासमोर एक कागद धरतात. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची एक गोष्ट. मग थोडी गणितं : अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी, तीन अंकी संख्येला एका अंकानं भाग. एवढंच. घरी गेल्यावर कुणाला पुढे बसवायची आणि कुणाला म्हशींमागे धाडायची सोय उरत नाही.

तळातून जे वर येतं ते बघवत नाही. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमध्ये पाचवीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी होती ४४.८ टक्के. तिसरीत हे प्रमाण २३.४ टक्के. आणि हे आकडे सुधारलेले आहेत. कोरोनानंतरच्या २०२२ च्या पाहणीत तिसरीचा आकडा १६.३ पर्यंत घसरला होता. खासगी शाळांमधले आकडे याहून बरे असतात, पण तिथेही शंभरातल्या शंभरांना वाचता येतं असं नाही, दूरदूरपर्यंत नाही. शिवाय तिथे येणारं मूल मुळातच बऱ्या घरातून, शिकलेल्या आईच्या हाताखालून, कधी शिकवणी लावून आलेलं असतं. त्यातलं शाळेचं श्रेय किती आणि घराचं किती, हे वेगळं काढणं अवघड.

तरी गावं पिवळ्या गाड्यांच्या मागे धावतात. त्यांना हसणं सोपं आहे, मला ते जमत नाही. वर्षानुवर्षं मिरचीच्या भावाच्या चढउतारात पोळलेल्या माणसाला आपलं मूल या मातीतून सुटावं असं वाटलं तर त्यात चूक काय? इंग्रजी ही त्याला सुटकेची वाट दिसते. जिल्हा परिषदेच्या शाळांतही २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, हे त्याला माहीत असतं, पण त्या इंग्रजीला टाय नसतो. आणि टाय, बूट, गाडी या गोष्टी डोळ्यांना दिसतात. वाचता येणं दिसत नाही, ते ऐकावं लागतं. ज्याला स्वतःला वाचता येत नाही त्यानं ते ऐकून पारखायचं कसं, हा या सगळ्यातला खरा पेच आहे.

हा पेच मराठवाड्याला जास्त छळतो, त्याला इतिहास आहे. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतून होतं आणि खेड्यातल्या मराठी मुलाच्या वाट्याला शाळा क्वचितच यायची. १७ सप्टेंबर १९४८ ला हा मुलूख मोकळा झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्या हाती आल्या. इथल्या कितीतरी गावांत पहिली शाळा भरली ती मारुतीच्या देवळात, नाहीतर कुणाच्या वाड्याच्या ओसरीवर. घरात पहिल्यांदा अक्षर आलं ते या शाळांमुळे. पुढे १ मे १९८१ ला जालना हा वेगळा जिल्हा झाला. त्यानंतर तीस वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती तेव्हा जालन्याची ७१ टक्क्यांच्या आसपास होती. बायकांची त्याहून बरीच खाली. म्हणजे आज ज्या आया लेकरांना डबा भरून देतात, त्यांच्यातल्या अनेकींनी स्वतः पाटी हातात धरलेली नाही. शाळा नावाची वस्तू त्यांनी बाहेरूनच पाहिली आहे. तिची पारख त्यांना बाहेरूनच करावी लागते.

दुसरीकडे, ज्यांना पारख आहे ते गुरुजी-मॅडम कुठे असतात? कायद्यानं साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक. वर्ग चार किंवा पाच. म्हणजे एकाच खोलीत पहिली-दुसरीचा जोडवर्ग, शेजारी तिसरी-चौथी. त्यात एकाकडे मुख्याध्यापकाचा कारभार. खिचडीचा तांदूळ किती आला, किती शिजला, किती उरला, ते रोजच्या रोज भरायचं. वरून व्हॉट्सॲपवर 'लिंक आजच भरावी' असा निरोप आला की फळ्यावरचं गणित अर्धं टाकून मोबाइल हातात घ्यायचा. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यात शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसरं अशैक्षणिक काम देऊ नये असं स्वच्छ लिहिलेलं आहे. पण कागदाचं काम हे अशैक्षणिक मानायचं की नाही, हे कागद मागवणारेच ठरवतात. शिवाय हा सगळा कागद पुन्हा पोत्याच्या तोंडाशीच फिरतो : किती वर्ग डिजिटल झाले, किती मुलांनी स्पर्धेत भाग घेतला, फोटो अपलोड केला का.

तळापर्यंत जाण्याचे प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहीत असं मात्र नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी शिक्षकांना बरोबर घेऊन जे काम केलं ते मला या बाबतीत फार मोलाचं वाटतं. जमिनीवर आखलेल्या तक्त्यांभोवती बसून, काड्या-खडे-चित्रं हाताळत मुलं आपापली शिकतात, हे पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या तिकडे गेल्या. पाहून आलेल्यांनी बहुधा जमिनीवरचे तक्ते तेवढे उचलले आणि आपापल्या शाळेत ऑइलपेंटनं रंगवून टाकले. तक्ते रंगवायला दोन दिवस पुरतात. तिथली खरी गोष्ट वेगळी होती : मोजायचं ते एखाद्या शाळेला किंवा हुशार पोराला नव्हे, बीटमधल्या प्रत्येक मुलाला. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या शासन निर्णयातही हाच आग्रह होता की एकही मूल मागे राहू नये. पुढे 'निपुण भारत' आलं, २०२१ साली. त्यात तिसरीपर्यंत प्रत्येकाला वाचता-मोजता यावं हे उद्दिष्ट आहे. घोषणा बदलल्या तरी तिन्हींतला कामाचा शब्द एकच, 'प्रत्येक'.

तोच शब्द गळून पडतो तेव्हा काय होतं, हे आपल्या कौतुकाच्या पद्धतीत दिसतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम इतर स्पर्धकांना वाटून टाकली. २०२५ साली खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेनं लोकांच्या मतांवर दिला जाणारा जागतिक पुरस्कार मिळवला. ऊर भरून यावा अशा या गोष्टी आहेत आणि या शाळांनी, त्यांच्या गावांनी केलेलं काम खरं आहे. पण राज्य म्हणून आपण या दोन-चार शाळा पोत्याच्या तोंडाशी रचून ठेवतो आणि खालच्या हजारो शाळांकडे हात नेण्याचं टाळतो. हा दोष त्या शाळांचा नाही, दाखवणाऱ्यांचा आहे.

मग गावानंच हात घालावा, असा एक विचार मध्यंतरी पुढे आला होता. 'चावडी वाचन' म्हणायचे त्याला. गावच्या चावडीवर, सगळ्यांसमोर मुलानं वाचून दाखवायचं. कल्पना ऐकताना बरी वाटते. मलाही वाटली होती. पण डोळ्यांसमोर आणून बघा. चौथीतली एक पोरगी, समोर सरपंच, पारावरची रिकामी मंडळी, तिचा बाप कोपऱ्यात उभा. ती 'शेतकरी' वाचते आणि 'प्रयत्न'पाशी अडते. कुणीतरी फिस्सकन हसतं. त्या संध्याकाळी तिच्या घरात काय बोलणं होईल आणि पुढच्या वर्षी तिचं शाळेत जाणं चालू राहील का? मिरचीला लाज नसते, लेकराला असते. आणि दुसरं असं की बाजारात तळाचा माल नासका निघाला तर व्यापारी भाव पाडतो नाहीतर पोतंच नाकारतो. खासगी शाळेलाही ती सोय थोडीफार आहे; प्रवेशाच्या वेळी पारखता येतं, नंतर दाखला हातात देता येतो. गावाच्या शाळेनं मात्र कुणालाच नाकारायचं नाही असा तिचा धर्म आहे. तळाशी जे सापडेल ते तिचंच. म्हणून इथे हात घालायचा तो भाव ठरवायला नव्हे, कुणाला जास्त वेळ द्यायचा ते ठरवायला.

हे लोकांना कळत नाही असं मला वाटायचं. एका संध्याकाळी ओळखीच्या एका घरी मी बसलो होतो. घरधनीण नुकतीच शेतातून आलेली, हाताला मिरचीची आग, म्हणून तिनं हात दह्याच्या वाटीत बुडवून ठेवलेले. दुपारी नवऱ्यानं माल घातला होता, त्याची पट्टी तिनं चौथीतल्या लेकीसमोर सरकवली. "वाच माय, काय लिव्हलंय." पोरीनं कागद गुडघ्यावर सपाट केला. "वजन बासष्ट किलो. भाव अडतीस." मग ती वर छताकडे बघत पुटपुटायला लागली, "साठ अडतीस बावीसशे ऐंशी, दोन अडतीस शहात्तर... तेवीसशे छप्पन्न." खाली हमाली, तोलाई वजा होती, तीही तिनं बोटांवर वजा केली. "बरोबर हाय." आईनं मान हलवली. मग तीच पट्टी तिनं दुसरीतल्या धाकट्याकडे दिली. त्यानं वरचं छापील अक्षर धरलं. "श्री... रे... णु... का..." आणि 'प्रसन्न'वर गाडी रुतली. प्र सुटेना. त्यानं बहिणीकडे पाहिलं. ती सांगायला लागली तर आईनं दटावलं, "तू काहून सांगती? त्याला बघू दे." थोडा वेळ वाट पाहिली. मग पट्टी घेऊन डब्याखाली ठेवत माझ्याकडे वळून म्हणाली, "पोरीला ह्याच्याएवढी असताना येत होतं. ह्याला न्हाई आलं अजून. दिवाळीपस्तोर यायला पायजे. मॅडमला इचारते."

या बाईला स्वतःला सही करण्यापुरतं येतं. पण कोणाला किती येतं, कोण कुठे अडतंय, त्याच्या बहिणीच्या मानानं तो कुठे आहे आणि कुठवर यायला हवा, एवढं सगळं तिनं एका पट्टीवर काढलं. कुणाची लाजही काढली नाही. 'असर'वाल्यांचा कागद याहून फार वेगळा नसतो. शाळा पारखायला स्वतः शिकलेलंच असावं लागतं ही माझी समजूत त्या ओसरीवर मोडली. खताच्या गोणीवरचा मजकूर, बसची पाटी, लग्नाची पत्रिका, दवाखान्याची चिठ्ठी, मिरचीची पट्टी. घरात तपासणीचे कागद भरपूर आहेत. 'वाच बरं' एवढं म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

उरतो तो तिच्या बोलण्यातला शेवटचा भाग, मॅडमला विचारण्याचा. तो जास्त अवघड आहे. विचारायला शाळेत जायचं तर त्या दिवसाची तोडणीची मजुरी बुडते. गेलंच तर 'तुमच्या मुलाचं लक्ष नसतं' असं ऐकावं लागेल, ही धास्ती. मी एका शिक्षिकेला हे विचारलं होतं : पालक जाब विचारायला आले तर राग येतो का? त्या म्हणाल्या, "जाब विचारला तर येतो. 'त्याला हे येत नाही, काय करायचं' असं विचारलं तर नाही येत. उलट बळ येतं. तालुक्याला सांगता येतं, पालक मागे लागलेत, मला वर्गावर राहू द्या. आता माझ्या मागे फक्त लिंकवालेच असतात."

कायद्यानं यासाठी जागा करून ठेवली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. बहुतेक ठिकाणी या समितीच्या बैठकीत खिचडी, कंपाउंडची भिंत आणि पंधरा ऑगस्टचे लाडू यांवर चर्चा होते, इतिवृत्ताच्या वहीवर सह्या होतात, अंगठे उमटतात. त्यातल्या कितीतरी बायका घरी त्या आईसारखीच पट्टी वाचून घेत असतील. त्यांनी बैठकीत पहिलाच प्रश्न हा विचारावा : या महिन्यात किती मुलांना वाचता येत नाही? नावं घ्यायची नाहीत. ती मॅडमना ठाऊक असतात आणि आयांनाही. नुसता आकडा. तांदळाच्या किलोंचा हिशेब जसा लिहून होतो, तसा हाही इतिवृत्तात लिहावा, पुढच्या महिन्यात त्याच्याखाली नवा आकडा लिहावा. आणि दोन-तीन बैठकांत तो खाली आला नाही, तर दोष कुणाचा हे बोलण्याआधी शेजारच्या रकान्यात आणखी एक आकडा मांडावा : या दिवसांत शिक्षक किती तास फळ्यापाशी होते आणि किती तास दुसऱ्या कामाला जुंपले होते. मग ती वही घेऊन गावानं तालुक्याला जावं.